अंदमानच्या सहलीतला जेवणाचा खर्च : नागपूरहून काय न्यावे आणि काय नेऊ नये

प्रतापनगरकर
६ ऑक्टोबर, रात्री ९.४०

सप्रेम नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, पत्नी, आई आणि तेरा व आठ वर्षांची दोन मुले, अंदमानला जाणार आहोत. नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान असा बेत आहे. श्री विजयपुरम, म्हणजे जुने पोर्ट ब्लेअर, इथे तीन रात्री, स्वराज द्वीप ऊर्फ हॅवलॉकला दोन आणि शहीद द्वीप ऊर्फ नीलला दोन रात्री मुक्काम राहील. तिकिटे काढून झाली आहेत आणि खोल्यांचे पैसेही भरले आहेत. आता उरलेल्या रकमेत सात दिवसांचे खाणेपिणे बसवायचे आहे आणि तिथेच माझा हिशेब अडला आहे.

ज्या सहल कंपनीकडे आधी चौकशी केली होती, तिने केवळ जेवणापोटी माणशी दिवसाला १,२०० रुपये धरले होते. पाच माणसांचे सात दिवसांचे ४२,००० रुपये होतात. आमच्या घरचा महिन्याचा किराणा, दूध आणि भाजी मिळून याच्या निम्मेही पैसे लागत नाहीत. म्हणून मी अगदी दुसऱ्या टोकाचा विचार करतो आहे. इतवारीतून दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक, तीन किलो डाळी, तेल, मसाले, लहान कुकर आणि विजेची शेगडी बरोबर न्यावी आणि एक वेळचा स्वयंपाक खोलीतच उरकावा, असे मनात आहे. आई शाकाहारी आहे आणि मासळी तळलेल्या तेलातला पदार्थ तिला चालत नाही, हेही एक कारण आहेच. पत्नीने या बेताला अजून होकार दिलेला नाही. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धरमपेठची लेक
६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

दादा, वहिनींनी होकार का दिला नाही, हे मी त्यांना न भेटताही सांगू शकते. ज्या बाईने वर्षभर रोज दोन वेळचा स्वयंपाक केला, तिला समुद्राकाठी नेऊन सात दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवायचे असेल, तर त्याला सहल म्हणता येणार नाही. खिचडी तुम्ही स्वतः करणार आणि भांडी मुले घासणार असतील, तर माझा आक्षेप मी मागे घेते.

इतवारीकर
७ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

माझे स्वतःचे किराण्याचे दुकान आहे, तरीही सांगतो की एवढा माल नेऊ नका. प्रवासात न्यायच्या वस्तूचा विचार तिच्या किमतीवरून न करता एका किलोमागे तुमचे किती वाचते यावरून करावा, असा आमच्या घरातला जुना रिवाज आहे. तांदूळ आणि डाळ अंदमानात जहाजाने मुख्य भूमीवरून जातात. चेन्नई, विशाखापट्टणम आणि कोलकाता या तिन्ही बंदरांपासून समुद्रमार्गे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आहे. त्यामुळे तिथे किलोमागे काही रुपये जास्त पडणार, हे उघड आहे. समजा ते दहा रुपये जास्त धरले, तरी दहा किलो तांदूळ पाठीवर वाहून तुम्ही फक्त शंभर रुपये वाचवता. देशांतर्गत विमानात सर्वसाधारण तिकिटावर माणशी पंधरा किलो सामान पोटात आणि सात किलो हातात नेता येते. त्यावर गेलेल्या प्रत्येक किलोला विमान कंपनी जे आकारते, त्यात उत्तम बासमतीही विकत घेता येईल.

याच्या उलट चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले मखाणे, खारीक-बदाम, जवसाची चटणी, मेतकूट आणि चहाचा मसाला या वस्तू वजनाला हलक्या आहेत. पर्यटनस्थळी त्यांच्याऐवजी लहान लहान पाकिटे घ्यावी लागतात आणि त्या पाकिटांत वजनापेक्षा हवाच जास्त असते. अशा वस्तूंवर किलोमागे दोनशे-तीनशे रुपये सहज वाचतात. सहा-सात किलोंच्या वर खाण्याचे सामान नेऊ नये, असे माझे मत आहे.

दोनदा अंदमान
७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

इतवारीकरांचे गणित मला पूर्णपणे मान्य आहे. तरी खर्च नेमका कुठे होतो, हे थोडे सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खेपेस आम्हीही दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचीच चिंता करत बसलो होतो आणि पैसे मात्र भलत्याच वाटेने गेले.

अंदमानातले घड्याळ आपलेच असते, पण सूर्य आपला नसतो. नागपूर साधारण ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ वर, म्हणजे नुसत्या रेखांशामुळेच तिथला दिवस आपल्यापेक्षा पाऊण तासाहून अधिक आधी सुरू होतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले पहाटेच जागी होतात आणि सहा वाजता त्यांना भूक लागते. हॉटेलची न्याहारी मात्र साडेसात-आठच्या आधी मिळत नाही आणि तुमची बोट किंवा गाडी तर त्याआधीच निघालेली असते. ज्या 'मोफत न्याहारी'चे पैसे तुम्ही खोलीच्या भाड्यातच भरलेले असतात, ती अशा रीतीने वाया जाते आणि धक्क्यावर किंवा बोटीत पाच जणांची पोटे सँडविच आणि कॉफीने दुप्पट भावात भरावी लागतात. आमचे पहिल्या खेपेचे सर्वात मोठे नुकसान याच एका गोष्टीने झाले. त्यावर उपाय फार साधा आहे. आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षात जाऊन दुसऱ्या दिवसाची न्याहारी बांधून देण्यास सांगावे. बहुतेक ठिकाणी पाव, उकडलेली अंडी आणि केळी देतात, पण आधी सांगितले नसेल तर पहाटे पाच वाजता कोणीही उठून देत नाही.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. पाच वाजता अंधार पडला की सहालाच रात्र झाल्यासारखे वाटते आणि साडेसहाला पुन्हा भूक लागते. त्या वेळी जे हाताला लागेल ते आपण घेतो. खोलीत चिवडा आणि केळी असली, तर तीच माणसे आठ वाजता शांतपणे जेवायला बाहेर पडतात. हॅवलॉक आणि नीलला मात्र रात्री फार उशीर करू नये, कारण लहान खाणावळी लवकर चुली बंद करतात आणि मग राहिलेल्या महागड्या जागी जाण्यावाचून गत्यंतर नसते.

आता प्रत्यक्ष जेवणाविषयी. पोर्ट ब्लेअरमध्ये तमिळ, तेलुगू आणि बंगाली वस्ती मोठी आहे. अबर्डीन बाजार आणि बसस्थानकाच्या परिसरात इडली-डोसा, भाताची थाळी आणि मासळी-भात माफक दरात मिळतो. हॅवलॉकला समुद्रकाठच्या उपाहारगृहांत न बसता गोविंदनगरच्या बाजारात यावे. तिथले लोक या गावाला 'तीन नंबर' म्हणतात, कारण या बेटावरच्या गावांना नावांबरोबर क्रमांकही आहेत. जेट्टी एक नंबर, विजयनगर पाच आणि प्रसिद्ध राधानगर सात. हॅवलॉक आणि नील या दोन्ही बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या विस्थापितांची वस्ती करण्यात आली होती. म्हणून तिथल्या लहान खाणावळींत डाळ, भात, बटाट्याची किंवा पालेभाजीची भाजी आणि मासळीचे कालवण अशी घरगुती बंगाली थाळी मिळते, आणि भात-डाळ पुन्हा वाढतात. जिथे रिक्षावाले आणि जेट्टीवरचे कामगार जेवताना दिसतील, तिथे निःशंकपणे बसावे. हिंदी सर्वत्र चालते. आपली नागपुरी हिंदी ऐकून त्यांना थोडी गंमत वाटते, इतकेच.

नीलला भाज्या चांगल्या मिळतात, कारण पोर्ट ब्लेअर आणि आसपासच्या बेटांना भाजीपाला पुरवणारे बेट अशीच त्याची ओळख आहे. केळी, पपई, अननस आणि शहाळी ही तिथलीच असतात. कांदे, बटाटे, सफरचंद आणि द्राक्षे मात्र जहाजाने येतात, तेव्हा फळ घ्यायचे तर तिथे पिकणारे घ्यावे. संत्र्याच्या शहरातून जाऊन तिथे संत्री विकत घेणारी एक मंडळी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

रामदासपेठ
७ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

विमानाच्या तिकिटावर पन्नास-साठ हजार खर्च करायचे आणि तिथे जाऊन चिवडा खायचा, यातला तर्क मला समजला नाही. खर्च परवडत नसेल तर एक वर्ष थांबून जावे.

दोनदा अंदमान
७ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

एक वर्ष थांबण्याचा सल्ला ज्येष्ठ आई बरोबर असलेल्या माणसाला देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय जेवणावर वाचलेल्या पाच-सात हजारांत दोन्ही मुलांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहता येतात किंवा मोठ्या मुलाला प्रशिक्षकाबरोबर पाण्याखाली उतरता येते. पैसा कमी खर्च करणे आणि पैसा हव्या त्या ठिकाणी खर्च करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिव्हिल लाइन्सचे वकील
७ ऑक्टोबर, सायंकाळी ७.००

बिलाविषयी काही मुद्दे नोंदवतो, कारण बेटावर गेल्यावर 'इथे सगळे महागच असते' असे ऐकवून पर्यटकाला गप्प बसवले जाते.

पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक पैसे दुकानदार घेऊ शकत नाही. वस्तू जहाजाने आली, हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही, कारण छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि ती देशभर लागू असते. उपाहारगृहाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे टेबलावर बसून पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली मागवली, तर ते छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे, कारण तिथे वस्तूबरोबर सेवाही विकली जाते. सारांश, पाणी दुकानातून घ्यावे आणि उपाहारगृहात साधे पाणी मागावे.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ते बिलात आपोआप लावता येत नाही, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. ते काढण्यास नम्रपणे सांगावे. वस्तू व सेवा कर मात्र द्यावाच लागतो. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो, तर ज्या हॉटेलात खोलीचे भाडे एका रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या उपाहारगृहात तो साधारणपणे १८ टक्के असतो. त्यामुळे राहण्यासाठी महागडी जागा घेतली असेल, तरी जेवायला बाहेर पडणेच किफायतशीर ठरते. तक्रार करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

महालच्या काकू
८ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

प्रतापनगरकर, तुमच्या आईंची अडचण मला नेमकी कळली, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही रामेश्वरला गेलो होतो, तेव्हा हाच प्रश्न होता. विजेची शेगडी नेऊच नका. बहुतेक हॉटेलांत खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई असते आणि दंड भरावा लागला तर सारी बचत त्यातच जाईल. खोलीत पाणी उकळण्याची विजेची किटली असते. नसेल तर आपली न्यावी. एवढ्यावर पुष्कळ भागते.

रवा मंद आचेवर बदामी रंगावर भाजून घ्या. तेलात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता आणि सुक्या मिरच्यांची फोडणी करून, कढीपत्ता अगदी कुरकुरीत झाल्यावर, ती रव्यात मिसळा आणि मीठ व थोडी साखर घाला. सकाळी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एक वाटी रवा घ्यायचा, त्यावर अडीच वाट्या उकळते पाणी ओतायचे, ढवळून झाकण लावायचे आणि डबा टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटे ठेवायचा. सांज्याइतका मोकळा होत नाही, पण पोट भरते आणि चवीला वाईट लागत नाही. किटलीत मात्र पाण्याशिवाय दुसरे काही घालू नका. दूध उतू गेले की किटली कामातून जाते.

दुसरे म्हणजे, कोणत्याही शाकाहारी किंवा दाक्षिणात्य खाणावळीत नुसता भात मिळतो. तो घ्यावा, शेजारच्या दुकानातून दही आणावे आणि बरोबर नेलेले मेतकूट किंवा जवसाची चटणी त्यात कालवावी. आईंचे जेवण झाले. तेलाचा प्रश्नही उरला नाही. रेल्वेतल्या पहिल्या दोन जेवणांसाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कराव्यात. दशम्या दोन दिवस मऊ राहतात. वहिनींना त्याही करायच्या नसतील, तर आपल्या नागपूरच्या महाल भागात बायका मागणीनुसार करून देतात. तेवढे पैसे खुशाल खर्च करा.

सोनेगाव
८ ऑक्टोबर, दुपारी १२.००

विमानाच्या नियमांची एक आठवण करून देतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्यात तेलाचे प्रमाण जास्त असल्याने ते ज्वलनशील मानले जाते. मिरचीचे लोणचे आणि लाल तिखट हातातल्या पिशवीत चालत नाही, ते पोटातल्या सामानात टाकावे. माझ्या मेहुण्याचा भिवापुरी मिरचीच्या तिखटाचा डबा सुरक्षा तपासणीत काढून घेतला गेला होता आणि त्याचे दुःख त्याला विमान चुकण्यापेक्षा जास्त झाले.

प्रतापनगरकर
८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तांदूळ, कणीक, कुकर आणि शेगडी हे सर्व यादीतून काढले आहे आणि ही बातमी ऐकून पत्नीने सहलीत प्रथमच उत्साह दाखवला आहे. दोन शंका राहिल्या आहेत. पैसे ऑनलाइन देता येतील की रोख न्यावी लागेल? आणि बाराटांग बेटावर जाण्याचा एक दिवस आहे, त्या दिवशी जेवणाचे काय करावे?

दोनदा अंदमान
८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही हॅवलॉक आणि नीलला फोनची रेंज अधूनमधून जाते. रोख नसली की माणूस स्वस्त खाणावळ सोडून कार्ड घेणाऱ्या महागड्या जागी जाऊन बसतो, म्हणून दोन बेटांवरच्या चार दिवसांच्या जेवणापुरती रोख, तीही शंभर आणि पन्नासच्या नोटांत, पोर्ट ब्लेअरमध्येच काढून घ्यावी.

बाराटांगच्या दिवशी पहाटे चारच्या आधी निघावे लागते. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांचा ताफा सुटेपर्यंत थांबावे लागते आणि तिथे चहा व गरम न्याहारी मिळते. त्यानंतर जारवा जमातीच्या राखीव जंगलातून जाताना गाडी थांबवता येत नाही आणि जारवांना खाण्याची कोणतीही वस्तू देणे हा गुन्हा आहे. मुलांना हे आधीच नीट समजावून सांगावे, बिस्किटाचा पुडाही खिडकीतून दाखवू नये. चिवड्याचे डबे पिशवीतच ठेवावेत. परतीला दुपारचे जेवण बाराटांगच्या जेट्टीजवळच्या साध्या खाणावळींत होते.

काटोलकरीण
९ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत जाण्याच्या विचारात आहोत. मासळीप्रेमी कुटुंब आहे. त्या दिवसांत काही फरक पडतो का?

दोनदा अंदमान
९ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

ताई, पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानच्या समुद्रात १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम असतो. लहान पारंपरिक होड्यांची मासळी मिळते, पण निवड कमी असते. मासळीसाठीच जायचे असेल तर मार्चच्या अखेरीपर्यंत जावे.

प्रतापनगरकर
४ जानेवारी, रात्री ८.५०

मंडळी, सुखरूप परत आलो. धाग्यावर इतके सांगितल्यावर हिशेब न देणे योग्य होणार नाही, म्हणून पत्नीने वहीत टिपलेले आकडे जसेच्या तसे देतो.

नागपूरहून साडेसहा किलो खाण्याचे सामान नेले, त्याला २,१५० रुपये लागले. बेटांवर सात दिवसांत दुपारच्या जेवणांवर ६,३०० रुपये, रात्रीच्या जेवणांवर ८,४५०, बाहेर केलेल्या न्याहाऱ्यांवर १,७५०, चहा, शहाळी आणि फळांवर २,४६० आणि पाण्यावर ८८० रुपये खर्च झाले. बेटांवरची बेरीज १९,८४० रुपये झाली. नेलेले सामान धरले तरी बावीस हजारांच्या आत राहिलो. कुठल्याही दिवशी कोणी उपाशी राहिले नाही आणि पत्नीने सात दिवसांत उकळत्या पाण्याखेरीज काहीही शिजवले नाही. तेही बहुतेक वेळा मीच उकळले.

पाण्याचा आकडा कमी दिसतो, कारण आम्ही पाचही जणांनी घरून स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या आणि रोज रात्री किटलीत पाणी उकळून त्या भरून ठेवत होतो. ८८० रुपयांपैकी बहुतेक बोटींवर आणि बाराटांगच्या दिवशी गेले.

चुका मात्र झाल्या. पहिल्या दोन दिवशी न्याहारी बांधून देण्यास सांगायला मी विसरलो आणि दोनदा अंदमान यांनी जसे लिहिले होते, तसेच घडले. बोटीत पाच कॉफ्या आणि पाच सँडविच यांचे जे बिल झाले, ते पाहून आई दोन तास समुद्राकडे पाहत गप्प बसली. तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी स्वतः जाऊन सांगू लागलो.

दुसरी चूक हॅवलॉकला झाली. एका उपाहारगृहाबाहेर बर्फावर मासळी मांडलेली होती आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत १४० लिहिलेले होते. मुलांनी एक सुंदर लाल मासा पसंत केला. जेवण झाल्यावर कळले की तो दर शंभर ग्रॅमचा होता, आणि डोके, काटे, कल्ले यांसह मासा एक किलो तीनशे ग्रॅम भरला होता. एका माशाचेच १,८२० रुपये झाले. भात, कोळंबी आणि कर धरून त्या रात्री २,९०० रुपये गेले. वर लिहिलेल्या ८,४५० मध्ये ते आले आहेत. यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण फळ्यावर खाली बारीक अक्षरांत सर्व लिहिलेले होते. वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, दर किती ग्रॅमचा आणि करासह एकूण किती होईल, हे तीन प्रश्न मासा विस्तवावर जाण्यापूर्वी विचारले असते तर बरे झाले असते. मासा अप्रतिम होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या बाजारात त्याहून निम्म्याहून कमी पैशांत पाचही जणांचे जेवण झाले आणि तिथल्या मावशींनी आईसाठी वेगळ्या कढईत भोपळ्याची भाजी करून दिली.

आईचे एकंदर बरे चालले. पोर्ट ब्लेअरला ती इडलीवर खूष होती. जवसाची चटणी पाचव्या दिवशी संपली, कारण ती मुलांनीही खाल्ली. पुढच्या वेळी दुप्पट नेईन. शेवटचे दोन दिवस ती ज्वारीच्या भाकरीची आठवण काढत होती आणि त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

एक तक्रार महालच्या काकूंकडे. समुद्राच्या दमट हवेने चिवडा तिसऱ्याच दिवशी सर्दाळला आणि भाजलेल्या रव्याच्या गाठी झाल्या. चिवडा खाल्ला, पण कुरकुरीतपणा गेला होता.

रामदासपेठ
४ जानेवारी, रात्री ९.३०

बावीस हजारांत पाच माणसे सात दिवस जेवली, हा हिशेब मी दोनदा पडताळून पाहिला. ऑक्टोबरमध्ये मी जे लिहिले होते, ते जरा घाईने लिहिले होते. फेब्रुवारीत आम्हीही जात आहोत. ती जवसाची चटणी कुठून घेतली?

प्रतापनगरकर
४ जानेवारी, रात्री ९.४०

घरी केलेली होती. आईला विचारून प्रमाण कळवतो.

महालच्या काकू
५ जानेवारी, सकाळी १०.४०

प्रतापनगरकर, चूक माझीच आहे. मी रामेश्वरला एकाच वेळच्या पुरचुंड्या केल्या होत्या आणि ते लिहायचे राहून गेले. मोठ्या डब्याचे झाकण रोज उघडले की प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते. रवा आणि चिवडा पूर्ण थंड झाल्यावरच, एका वेळी लागेल तेवढाच, घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरावा. चिवड्याच्या पोह्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ ऊन द्यावे आणि त्यात मनुका घालू नयेत, कारण त्यांचा ओलावा चिवड्यात उतरतो. भाकरीऐवजी ज्वारीच्या धापोड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, न्याव्यात. भाजायला विस्तव लागतो खरा, पण ज्या मावशींनी वेगळ्या कढईत भोपळा करून दिला, त्या दोन धापोड्याही भाजून देतील.